खाऱ्या पाण्यातले बारा दिवस

१

गुरुवारी सकाळी रीता टेंभरे हॉलमध्ये आली तेव्हा टाकीच्या तळाशी पाच मासे आडवे पडले होते. मंगळवारपासून आठ गेले होते. आता तेरा झाले. आठ फूट लांबीच्या त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एकच मासा जिवंत उरला होता. निळ्या अंगाचा, पिवळ्या पाठपराचा टँग. टाकीतला सगळ्यात नवा मासा तोच. रविवारी आलेला.

रीताने सासऱ्यांना हाक मारली. लक्ष्मणराव टेंभरे, तुमसरच्या राईस मिलचे मालक, बनियनवरच बाहेर आले. त्यांनी काचेला हात लावला आणि काढून घेतला. ही टाकी त्यांच्या बायकोची, निर्मलाबाईंची. चौदा वर्षांपूर्वी तिने हट्टाने मागून घेतली होती. समुद्र कुठे आणि तुमसर कुठे, असं सगळे म्हणाले, तरी ती मिठाच्या पिशव्या मागवून पाणी तयार करायची. ती जाऊन आठ महिने झाले होते.

नऊ वाजता मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर लक्ष्मणरावांचा आवाज आला. नागपूर ते गोंदिया दीडशे माणसं होती त्या ग्रुपवर.

"भंडाऱ्याच्या रामटेके बाईनं बिमार मासा देल्ला. महिनाभर अलग ठेवला, दवा देल्ली म्हणून सांगतलं. झूठ होतं सगळं. माही टाकी मेली. आज चार वाजता मानसं येऊन राहिले. पानी सोडून देतो, टाकी फोडून टाकतो. तुमी तुमचं पाहा."

भंडाऱ्यात दीपमाला रामटेके आपल्या मागच्या खोलीत उभी राहून ते ऐकत होती. तिच्याभोवती नऊ टाक्या गुणगुणत होत्या. चेन्नईहून आलेला प्रत्येक नवा मासा इथे महिनाभर वेगळा राहायचा, औषध घ्यायचा आणि मगच गिऱ्हाईकाकडे जायचा. सात वर्षांत तिच्या हातून एकही आजारी मासा बाहेर गेला नव्हता.

दहा वाजेपर्यंत तिघांनी मासे नको म्हणून कळवलं. चौथ्याने लिहिलं, 'ताई, माझ्या मुलीच्या टाकीत तुमचाच मासा आहे. तो पण काढून टाकू का?'

ती फोन तसाच ठेवून शेजारी गेली.

२

शेजारच्या घरात धनीराम शहारे राहत. जवाहरनगरच्या फॅक्टरीत चौतीस वर्षं गुणवत्ता तपासणीला होते. मालाचा कागद आणि प्रत्यक्ष माल एकमेकांशी जुळतो का, एवढंच त्यांचं काम. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, पण कोणी काही सांगितलं की 'कागद दाखव' म्हणायची सवय गेली नव्हती.

"काका, मी खोटी नाही," दीपमाला दारातच म्हणाली.

"मी कुठं म्हणलं? आधी कागद दाखव."

तिने तीन नंबरच्या टाकीचा तक्ता आणला. तुमसरला जाण्याआधी निळा टँग तिथेच होता. शहाऱ्यांनी चष्मा चढवला आणि तारखांवरून बोट फिरवू लागले. रोज सकाळी पाण्यातल्या तांब्याचं प्रमाण मोजून लिहिलेलं. २.३, २.४, २.३५, २.२.

"हे तांबं काय करते?"

"या माशांना एक रोग होते. व्हेल्व्हेट म्हणतात. अंगावर सोनेरी धूळ बसल्यावाणी दिसते, पण आधी कल्ल्यात शिरते. मासा श्वास घेऊच शकत नाही. पाण्यात एवढं तांबं महिनाभर राहिलं का तो रोगाचा बारीक जीव वाचत नाही. कमी पडलं तर वाचते. जास्त झालं तर मासाच मरते."

शहाऱ्यांचं बोट नवव्या दिवशी थांबलं. १.६. समोर दीपमालाच्याच अक्षरात लिहिलं होतं : 'वरून गोडं पाणी जास्त पडलं. चूक माझी. दिवस पुन्हा एकपासून.'

"म्हणजे हा मासा तीस दिवस नाही राहिला."

"एकोणचाळीस राहिला. एक दिवस जरी कमी पडलं तरी मोजणी पहिल्यापासून करा लागते. लक्ष्मणरावांले नऊ दिवस थांबावं लागलं, त्याच्यावरूनही ते रागावले होते."

शहाऱ्यांनी तक्ता खाली ठेवला. चौतीस वर्षांत त्यांनी खोट्या नोंदी पुष्कळ पाहिल्या होत्या. खोट्या नोंदी सरळ असतात. त्यांत आकडे डगमगत नाहीत, आणि लिहिणारा स्वतःची चूक तर कधीच लिहीत नाही. मग ते मागच्या खोलीत गेले. टँग गेल्यापासून तीन नंबरचं पाणी तसंच होतं. त्यांनी तिच्या यंत्रावर ते स्वतः मोजलं. २.३. औषधाच्या बाटल्या उजेडात धरून पाहिल्या. तक्त्याच्या हिशेबाने जेवढं औषध संपायला हवं, तेवढंच संपलं होतं.

"मासा इथून चांगला गेला," ते म्हणाले.

"हे तुम्ही म्हणता. ते कोण मानणार?"

"तुह्या शेजाऱ्याचं कोणी मानणार नाही. मरण तिथं झालं, तर तिथंच पाहा लागन." त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेदहा. "चार वाजता पाणी सोडलं का सगळंच गटारात जाईन. तुही दवाईची पेटी घे. तो एक मासा जिता आहे ना अजून?"

३

मोहाडीमार्गे तुमसरला पोचायला त्यांना सव्वा तास लागला. लक्ष्मणरावांनी दीपमालाला पाहिलं आणि त्यांचा आवाज चढला.

"इथं कोन्त्या तोंडानं आली?"

"त्या टँगला न्यायला, बाबूजी. इथं राहिला तर संध्याकाळपर्यंत तोही जाईन."

"त्याले काय होते? बिमारी तर तोच घेऊन आला. ज्यानं आनली त्याले ते पचते. बाकीचे मेले, तो जिता आहे, अजून काय पाह्यजे तुमाले?"

या बोलण्यात अर्थ नव्हता असं नाही. शहाऱ्यांनी दीपमालाकडे पाहिलं. तिने नजर खाली केली. एखादा मासा रोग पचवून तो दुसऱ्यांना देऊ शकतो, हे तिलाही माहीत होतं.

शहारे टाकीसमोर खाली बसले. पाणी स्वच्छ होतं. एका खडकावर समुद्रफूल नावाच्या, फुलासारख्या दिसणाऱ्या जिवाची लांब बोटं हलत होती. त्याच्या बाजूने पांढऱ्या मिशांच्या दोन कोळंब्या ऐटीत फिरत होत्या. उलट्या बाजूने एक गोगलगाय काच चाटत चालली होती.

"रीताबाई," ते न वळताच म्हणाले, "या खोलीत डासांची दवा मारता काय?"

रीता दचकली. "हो जी. सोमवारी मारली होती. लई डास होते. पण टाकीवर चादर झाकली होती मी." मग तिचा चेहरा पडला. "माह्यानं मेले काय हो?"

"नाही. डासांच्या दवाईनं मासे मरायच्या आधी कोळंबी मरते. ते मजेत आहे. पाण्यात जहर नाही." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. अंगणात एक चाळिशीचा माणूस बादल्या विसळत होता. "तो कोण?"

"पिंटूदादा. आंबागडचे. आईच्या वेळपासून टाकी तेच पाहतात. पाणी बदलणं, काच पुसणं, सगळं. मी फक्त वरून दाणे टाकतो."

"मासे मरण्याआधी काही वेगळं दिसलं तुम्हाले?"

रीताने आठवून पाहिलं. "ते दोन नारंगी होते ना, पांढऱ्या पट्ट्यांचे. मोठी आणि बारका. आईचे सगळ्यात लाडके, अकरा वर्षांपासूनचे. ते नेहमी त्या फुलातच बसून राहत. इतक्यात फुलात जातच नव्हते, वर पंपाजवळ फिरत राहत. मी पिंटूदादाला सांगतलं, तर म्हणाले, पाणी गरम झालं असन. मंगळवारी सकाळी सगळ्यात आधी तेच दोघं मेले."

"मंगळवारी?" दीपमाला एकदम पुढे आली. "पहिले मासे मंगळवारी मेले? मले तर कोणी काहीच कळवलं नाही. मले वाटलं, काल-आजच झालं."

"पिंटूदादा म्हणाले, उगाच कायले सांगता, होईन बरं."

दीपमालाने बोटांवर काही मोजलं. तिच्या चेहऱ्यावरची भीती जाऊन तिथे वेगळंच काही आलं.

"काका, हा रोग घाई करत नाही. तो जीव कल्ल्यात बसून तीन-चार दिवस खाते. मग गळून खाली पडते, त्याची गाठ बनते. ती गाठ फुटाले अजून दोन-चार दिवस लागतात. फुटली का शेकडो बाहेर पडतात, तेव्हा टाकी मरते. टँग आला रविवारी दुपारी. दोन दिवसांत त्याच्यानं कोणी मरूच शकत नाही. तो जिता आहे, कारण रोग त्याच्यात सगळ्यात शेवटी शिरला."

"मग रोग कधी आला?"

"आठ दिवस तरी आधी. दहा-बाराही असन."

लक्ष्मणराव खुर्चीवरून उठले. "बारा दिवसांआधी इथं नवीन मासा आलाच नाही! चार महिन्यांत या टाकीत काहीच टाकलं नाही. विचारा पिंटूले."

अंगणात बादलीचा आवाज थांबला होता. पिंटू खिडकीशी येऊन उभा होता. कधीपासून, ते कोणालाच माहीत नव्हतं.

४

"खरं आहे जी," पिंटू म्हणाला. "काहीच नाही टाकलं."

"दगड? शेवाळ? शंख? दुसऱ्या टाकीतली जाळी?" दीपमालाने विचारलं. "ओलं काहीही चालते या रोगाले."

"नाही म्हनलं ना."

शहाऱ्यांनी त्याला पुढे काही विचारलं नाही. ते लक्ष्मणरावांकडे वळले. "मेलेले मासे कुठं आहेत?"

"अकरा फेकले. दोन ठेवले आहेत." लक्ष्मणराव थांबले. "तिचे होते. बगीच्यात पुरतो म्हणलं."

"मी पाहू शकतो?"

लक्ष्मणरावांनी आतल्या दाराकडे मान वळवली. रीता आत गेली आणि फ्रिजमधून स्टीलचा डबा घेऊन आली. आत ओल्या कापडावर दोन नारंगी मासे शेजारी शेजारी ठेवले होते. पांढरे पट्टे फिकटले होते. दीपमालाने भिंगातून एकाचा कल्ला उचलून पाहिला आणि मान हलवली. "व्हेल्व्हेटच. पण काका..."

तिने दोन्ही माशांवर बोटं ठेवून लांबी मापली.

"बोल."

"रीताताई, या दोघांतली मोठी कोन्ती?"

रीता वाकली. तिने एकाकडे बोट नेलं, मग दुसऱ्याकडे, मग हात मागे घेतला. दोन्ही मासे सारखेच होते. अडीच बोटांचे, कमी नाही की जास्त नाही.

"निर्मलाबाईंचा त्यांच्यासोबत एखादा फोटो आहे?" शहाऱ्यांनी विचारलं.

फोटो रीताच्या मोबाइलमध्ये होता. निर्मलाबाईंनी काचेवर बोट टेकवलं होतं आणि बोटाशी मासा आला होता. तो बोटापेक्षा लांब होता. त्याच्या मागून दुसरा डोकावत होता, जेमतेम निम्मा.

"या जातीत मादी मोठी असते, नर लहान," दीपमाला हळू आवाजात म्हणाली. "जोडी जमली का नर आयुष्यभर लहानच राहते. अकरा वर्षांच्या जोडीत दोघं सारखे होतच नाहीत. हे दोन्ही कोवळे आहेत. दुकानातले. म्हणूनच फुलात जात नव्हते. त्यांना ते ओळखीचंच नव्हतं."

लक्ष्मणरावांनी डबा हातात घेतला.  "हे तिचे नाहीत?"

"नाहीत. तुम्हाले समजलं नाही काय, बाबूजी? रोज समोर होते."

"तिच्या जान्यानंतर मी तिकडं पाह्यलंच नाही. टँगही तिची इच्छा होती म्हणून मागवला, पन पाह्यला नाही," लक्ष्मणराव म्हणाले. त्यांची खुर्ची टाकीकडे पाठ करून ठेवलेली होती, हे शहाऱ्यांनी आल्याबरोबर पाहिलं होतं. "मेले म्हणून सांगतलं, तेव्हाच पाह्यले."

 या टाकीत कोणी खून केला नव्हता. इथून चोरी झाली होती. ती झाकायला कोणीतरी दोन मासे आत सोडले होते, आणि त्यांच्याबरोबर रोग आत आला होता.

"मागच्या दोन आठवड्यांत घर रिकामं कधी होतं?" शहाऱ्यांनी विचारलं.

"मागच्याच्या मागच्या शनिवारी," रीता म्हणाली. "गोंदियाला लग्न होतं. सकाळी गेलो, दिवे लागणीले आलो. पिंटूदादा पाणी बदलायले..."

तिने खिडकीकडे पाहिलं. तिथे आता कोणी नव्हतं. बाहेर मोटरसायकलला किक मारल्याचा आवाज आला.

५

गाडी सुरू व्हायच्या आत शहारे अंगणात पोचले. त्यांनी हँडल धरलं नाही, आवाज चढवला नाही. नुसते चाकासमोर उभे राहिले.

"मले काम आहे जी," पिंटू म्हणाला. "आंबागडले जा लागते."

"जाय ना. एक सांगून जाय. दुसऱ्या कोणाची खाऱ्या पाण्याची टाकी पाहतो काय तू?"

"नाही जी. तुमसरात ही एकच आहे."

शहारे वाकले. गाडीच्या मागच्या बाजूला, कॅरिअरखाली, पांढरे ओघळ वाळले होते. त्यांनी बोटाने एक ओघळ खरवडला आणि जिभेवर टेकवला.

"मीठ," ते म्हणाले. "कॅरिअरखालचा चिखल अजून ओला आहे आणि हे त्याच्यावर वाळलं. म्हणजे आजचंच आहे. आज सकाळी बादलीत खारं पाणी घेऊन कुठं गेला होता, पिंटू?"

पिंटूने गाडी बंद केली. तो उतरला नाही. डोकं हँडलवर टेकवून बसून राहिला. मागून लक्ष्मणराव, रीता आणि दीपमाला येऊन उभे राहिले.

"आईनं सांगतलं होतं," तो हँडलकडे पाहतच म्हणाला. "दवाखान्यात. मी डबा घेऊन गेलो होतो. म्हने, पिंटू, माही मोठी आन बारका गुड्डीले देजो. बाबूजीले मीनं तीनदा सांगून पाह्यलं. ते नावच घेऊ देत नाही, म्हने."

लक्ष्मणरावांचा चेहरा दगडासारखा झाला. गुड्डी त्यांची मुलगी. चार वर्षांपूर्वी तिने जातीबाहेर, आपल्या शाळेतल्याच एका शिक्षकाशी लग्न केलं होतं. तेव्हापासून या घरात तिचं नाव निघालं नव्हतं. आईच्या तेराव्याला ती अंगणापर्यंत आली होती आणि कोणी 'बस' म्हटलं नाही म्हणून उभ्या उभ्याच परत गेली होती.

"गुड्डीताई वरठीले राहते. एक लहान टाकी घेतली तिनं. नागपूरवरून असेच दोन मासे आनून दे म्हणून मीच सांगतलं. त्या शनिवारी बदलून टाकले. मी एक पैसा नाही घेतला जी."

"आणि ते दोन मासे महिनाभर अलग ठेवा लागते, हे तुले माहीत नव्हतं?" दीपमालाचा आवाज फाटला. "सात वर्षं तू माह्याकडून मासे नेऊन राहिला!"

"माहीत होतं. तुह्याकडे आनले असते तर तू विचारलं असतं, कोनाचे म्हणून." त्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आधी वाटलं, काही होत नाही. मरू लागले तेव्हा वाटलं, टँगनंच आनलं असन. मंग बाबूजीनं ग्रुपवर तुहं नाव घेतलं. तेव्हा समजलं होतं मले. पन तोंड नाही उघडलं."

 दीपमाला एक पाऊल पुढे आली.

"आज सकाळी पाणी कुठं नेलं?"

"वरठीले. बाबूजी सकाळी उठल्याबरोबर म्हनले टाकी फोडतो, तर इतकं चांगलं, मुरलेलं पानी वाया जाईन म्हणलं. एक बादली..."

"याच टाकीतलं?"

"हो."

"आणि त्यांच्या टाकीत ओतलं?"

पिंटूचा चेहरा हळूहळू बदलला. बारा दिवस त्या दोन माशांना काही झालं नव्हतं, कारण ते रोग यायच्या आधीच बाहेर पडले होते. आज सकाळी त्यानेच रोग बादलीत भरून त्यांच्याकडे नेला होता.

"किती वाजता?" दीपमालाने विचारलं.

"आठ."

साडेबारा वाजत आले होते.

६

दीपमालाने टँगला पाच मिनिटांत डब्यात घेतलं. गाडीत बसताना मागचं दार उघडलं आणि लक्ष्मणराव आत येऊन बसले. पायात चप्पल, अंगात तोच बनियन, वर घाईत चढवलेला सदरा.  शहाऱ्यांनी गाडी काढली.

रस्ताभर दीपमाला फोनवर गुड्डीशी बोलत होती. "ताई, मी कोण ते नंतर सांगतो. एक मोठं स्वच्छ भांडं घ्या. साबण लागलेलं नको. पिण्याचं पाणी भरा, गोडं. टाकीच्या पाण्याएवढं कोमट करा. टाकीत हात घालू नका. मासे श्वास कसा घेऊन राहिले, जोरजोरात? बरं. आम्ही येऊन राहिलो."

"तुह्या सोबत कोण आहे ते सांगू नको," मागून लक्ष्मणराव म्हणाले.

वरठीच्या त्या दोन खोल्यांच्या घराचं दार सकाळच्या शाळेतून परतलेल्या गुड्डीने उघडलं. तिने आधी दीपमालाला पाहिलं, मग शहाऱ्यांना. मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या वडिलांना. तिचा हात दाराच्या कडीवरच राहिला.

"मासे कुठं आहेत?" दीपमालाने विचारलं. रडायला किंवा भांडायला वेळच नव्हता.

ते खिडकीखाली होते. दोन फुटांची टाकी. एका मातीच्या कुंडीत मोठी बसली होती, तिच्या पोटाशी बारका. दोघांच्याही कल्ल्यांची उघडझाप जरा जलदच होती. अंगावर धूळ नव्हती, अजून तरी.

"सव्वापाच तास झाले. ते जीव कल्ल्यात शिरले असतील, पण घट्ट बसले नसतील." दीपमालाने पेटी उघडली. "गोड्या पाण्यात पाच मिनिटं. समुद्राच्या जिवाले गोडं पाणी सोसत नाही, त्या कल्ल्यातल्या जिवालेही नाही आणि माशालेही नाही. कोण आधी हार मानते, एवढंच. ताई, तुम्ही थर्मामीटर धरा. बाबूजी, भांडं धरा, हलू देऊ नका. काका, घड्याळ."

तिने मासे पाण्यात सोडले. मोठी एकदम भांड्याच्या काठावर आदळली. लक्ष्मणरावांनी भांडं छातीशी घट्ट धरलं. बारका तळाशी जाऊन थरथरत राहिला.

"एक मिनिट," शहारे म्हणाले.

गुड्डी आणि लक्ष्मणराव यांच्यामध्ये हातभर अंतर होतं. दोघंही पाण्यात पाहत होते.

"दोन."

मोठी स्थिर झाली. तिसऱ्या मिनिटाला बारका कलला आणि एका कुशीवर पडला. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"काढ त्याले," लक्ष्मणराव म्हणाले.

"नाही."

"मरून राहिला तो! काढ म्हणतो ना मी!"

"आता काढला तर चार दिवसांनी मरन. आणि तिलेही घेऊन जाईन." दीपमालाच्या कपाळावर घाम होता. तिने बोटाने बारक्याला हलकेच वळवलं. त्याचा कल्ला एकदा हलला. थांबला. परत हलला. "श्वास आहे. थांबा."

"साडेतीन," शहारे म्हणाले. त्यांनाही आपला आवाज ओळखू आला नाही.

भांडं हलू लागलं होतं. लक्ष्मणरावांचे हात साथ देत नव्हते. गुड्डीने थर्मामीटर एका हातात घेतलं आणि दुसऱ्या हाताने खालून भांड्याला आधार दिला. तिची बोटं वडिलांच्या बोटांवर आली.

"आईनं मले देल्ले होते, बाबा," ती म्हणाली. "चोरले नाही मी. पण मागाले यायची हिंमत झाली नाही."

"माहीत आहे," लक्ष्मणराव म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तिनं सांगतलं होतं मले. तीनदा."

"पाच."

दीपमालाने दोघांना जाळीने उचलून सोबत आणलेल्या नव्या खाऱ्या पाण्यात टाकलं. मोठीने गोल फेरी मारली. बारका तळाशी कुशीवरच पडून राहिला.  मग त्याने शेपूट मारली, तिरपा तिरपाच वर आला आणि मोठीच्या पोटाखाली जाऊन घुसला.

गुड्डी खाली बसली आणि मोठ्याने रडली.

७

त्याच संध्याकाळी ग्रुपवर लक्ष्मणरावांचा दुसरा निरोप आला. "सकाळी मी जे बोललो ते चूक होतं. रामटेके बाईचा मासा साफ होता. बिमारी माह्या घरच्यानं आनली आन मी पाह्यलं नाही. तिले मी सगळ्यांसमोर बोललो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागतो." दीपमालाने तो दोनदा ऐकला. मग त्या चौथ्या गिऱ्हाईकाला लिहिलं, 'मुलीचा मासा काढू नका. तो चांगला आहे.'

टाकी फोडली गेली नाही. खडक, कोळंब्या आणि फूल तसंच राहिलं; फक्त दीड महिना त्यात मासा जायचा नव्हता. मासा मिळाला नाही की तो रोग उपाशी मरतो. गुड्डीची लहान टाकी मात्र दीपमालाने रिकामी करून उन्हात वाळवली आणि नव्या पाण्याने भरली. पाणी बदलायला पिंटूच यायचा. पहिले काही दिवस लक्ष्मणराव त्याच्याशी बोलले नाहीत. मग एकदा चहा पाठवला. दीपमालाने मात्र त्याला आपल्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. तो एकदा दारात येऊन उभा राहिला, तेव्हा ती म्हणाली, "तू बोलला असता तर माही सकाळ वाचली असती. जाय आता." तो दारातूनच परत गेला.

टँग वाचला, पण त्याचा एक डोळा धुरकट झाला. मोठी आणि बारका तीन नंबरच्या टाकीत होते. पाचव्या दिवशी मोठीच्या परावर चार सोनेरी ठिपके दिसले. दीपमालाने त्या दिवशी तीन वेळा तांबं मोजलं. नवव्या दिवशी ठिपके गेले. तिने तीस दिवस तिथून पुढे मोजले.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी लक्ष्मणराव भंडाऱ्याला येत आणि टाकीसमोर स्टूलवर बसत. शाळा सुटल्यावर गुड्डी यायची. आधी आधी ती आली की ते उठून जात. तिसऱ्या आठवड्यात उठले नाहीत.

शेवटच्या दिवशी शहारेही आले होते. दीपमालाने पिशव्यांत पाणी भरलं, ऑक्सिजन सोडला आणि विचारलं, "कुठं पाठवू?"

"बाबांकडे पाठव," गुड्डी म्हणाली. "मोठी टाकी त्यांचीच आहे. फूलही तिथंच आहे."

"माही टाकी अजून चार दिवस बंद आहे ना?" लक्ष्मणरावांनी दीपमालाला विचारलं.

"हो बाबूजी. रविवारपर्यंत."

"मंग तोवर इच्या घरी राहू दे." त्यांनी पिशवी उचलली आणि गुड्डीच्या हातात दिली. पिशवी सोडताना त्यांना घाई नव्हती. "रविवारी तूच घेऊन ये. पिंटूच्या हातून धाडू नको."

गुड्डी त्यांच्याकडे पाहत राहिली. "मी एकटी?"

लक्ष्मणरावांनी टॉवेलने हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

"मास्तरले गाडी चालवता येते ना?" ते म्हणाले. "मंग एकटी कायले येतं? जेवाले या म्हणा त्याले. रीता वाट पाहीन."